उद्या खाऊ म्हणलेलं कालवण

अहो, ऐकताय का,

आज तुमचं वर्षसराद झालं. तुमच्या थोरल्या भावानं पान वाढलं: खीर, कढी आन भोपळ्याची भाजी. भोपळा! जन्मात कधी भोपळ्याकडं बघितलं होतं का तुमी? डोकं असं भणाणलंय की माणसं गेल्याबरोबर वही घिऊन बसले. तुमाला शिव्या घालायच्यात.

बोअर पाडायच्या गाडीवर तमिळ लोकायसंगं सा वर्सं हिंडलात. येताना काय आणलं? एक मातीचं मडकं आन त्यांचं ते मीन कुळंबू, माशाचं आंबट कालवण! लुगडं आणलं असतं तर बिघडलं असतं का? भाऊजींच्या गळ्यात माळ, म्हणून घरात न्हाई, अंगणात तीन दगडं मांडून शिजवायचात. बीडहून आणलेली मरळ, चिंचेचा कोळ, मेथ्या, तिळाचं तेल, हे ढीगभर लसूण. पळी लावायची न्हाई, मडकंच धरून हलवायचं, मासा मोडतो म्हणं. सगळ्या गल्लीत वास! आन मी ताटली घिऊन आले की हातावर चापट. "थांब की, कालिंदे. मुरू दे. उद्या खाऊ."

नेहमी उद्या! ते गरम कसं लागतं, मला कधी कळलंच न्हाई.

त्या दिवशी सांजच्याला थेंबभर रस्सा चाखलात आन छाती चोळत बसलात. मी म्हणलं, "चला बीडला दवाखान्यात, यष्टी हाय अजून." काय म्हणलात? "काय न्हाई गं, चिंच जास्त झालीय. उद्या जाऊ." सगळं खापर बिचाऱ्या चिंचेवर! मी बी येडी, पाण्यात सोडा घालून दिला. हाताला धरून ओढत न्यायला पायजे होतं.

सकाळी चहा घिऊन हाक मारली, तर उठलाच न्हाईत.

आन ते मडकं? सुतकात शिजलेलं ठिवत न्हाईत म्हणून भाऊजींनी कालवणासकट उकिरड्यावर फेकलं. तुमच्या हातचं शेवटचं कालवण कुत्र्यायनं खाल्लं, आन मी बायायच्या घोळक्यात बसून बघत होते.  कावून आडवी गेले न्हाई हो मी?

आज पान वाढून झाल्यावर भाऊजी म्हणले, "कालिंदा, झालं बरं का सगळं नीट." काय झालं? कुंभाराकडनं नवं मडकं आणलंय. मरळ बी आणलीय. अंगणात त्याच तीन दगडांवर चूल पेटलीय. भाऊजींनी बघितलं तर बघू देत.

आता ऐका. मुरायला ठिवणार न्हाई. जीभ पोळली तरी उतरल्या उतरल्या खाईन. आन इथून पुढं कुणाच्याबी छातीत जळजळलं, तर चिंचेला बोल लावणार न्हाई, त्याच पावली यष्टी धरीन.

तुमाला पायजे असंल तर आजच या. उद्याला मडक्यात काय बी ऱ्हाणार न्हाई.

तुमच्यावर लई चिडलेली,
तुमचीच कालिंदा