रासबेरीचे पानसोट

बाबा, या रासबेरीनं मला वेडं करून सोडलंय. तुम्ही हे झाड कधी पाहिलं नाही. अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या घरामागं, हिरव्या जाळीच्या सावलीत, तुमच्या नातवानं हौसेनं आणून लावलं. काटेरी काड्या, आपल्या उन्हात कशाबशा तगलेल्या. तीन वर्षं झाली, फळ म्हणून एक नाही. काल शेवटी नर्सरीवाल्याला विचारलं तर तो हसतच सुटला. "अवो बाई, बुडातून निंगते ते नवे फुटवे दरसाल कापून राहिल्या तुमी? त्याईलेच त पुढच्या वर्षी फळ लागते! फळ देऊन झालेली जुनी काडी कापाची असते."

आता यात माझं काय चुकलं, सांगा. संत्रावाल्याची पोर मी, पानसोट, म्हणजे नुसता पानांचा बिनफळाचा फुटवा, दिसला की कात्री आपोआप चालते. बारा वर्षांची असताना तेल्हाऱ्याच्या आपल्या मळ्यात बुंध्यातून सरळ वर गेलेला असाच एक टवटवीत फुटवा मी राखला, तर तुम्ही मजुरांसमोर खडसावलंत, "हिरवं दिसते म्हून ठेवलं काहून? फळ नाई देत थे, झाडाचं नुसतं खाते." मी रडले खूप, पण धडा पक्का बसला. पुढं तुमचे गुडघे गेले आणि छाटणी माझ्याकडे आली. सुट्टीला अमरावतीहून मी यायची, तुम्ही बाजेवर बसून बघायचात. एकदा असंच, विहिरीजवळच्या म्हाताऱ्या झाडाची एक बाजू वाळत चालली आहे, त्याच अंगाला पानसोट निघालाय, मी कात्री लावते आणि तुम्ही म्हणता, "राहू दे थो." मी हसले. "बाबा, तुमीच त शिकवलं!" आणि कापला. तुम्ही दुसरीकडे तोंड करून बाजेवर पडून राहिलात. पुढच्या हंगामाला तुम्ही नव्हता, ते झाडही वाळून गेलं.

शेवटी शेवटी बाबांना उमजत नव्हतं, असंच मी सगळ्यांना सांगत आले. आता वाटतं, वाळक्या अंगाला तुम्हाला त्या पानसोटाचीच नवी फांदी करायची होती का? की खरंच विसरला होता? कधी हे पटतं, कधी ते, आणि मग तुमचाच राग येतो. नियम शिकवलात, तो कुठं मोडायचा ते का नाही शिकवलं? पण मी तरी विचारलं कुठं?

नर्सरीवाला म्हणतो, फळ दिलेली काडी कापा. माझ्याकडे तशी काडीच नाही, तर कापू काय? सकाळपासून कात्री घेऊन नुसती उभी होते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून कबूल करते. त्या दिवशी तुम्ही पूर्ण भानावर होता, मला दिसत होतं. "बराबर केलं पोरी," एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी तो कापला.