डाव्या बाजूचा फॉल्ट

४ जानेवारी
इअरफोनची डावी बाजू गेली. दोन्हीकडून सारखा आवाज यायला हवा, येत नाही. मी क्वालिटीत काम करते, मला कळतं. संकल्प: नवा वायरवाला घ्यायचा की बिनवायरचा, याचा नीट अभ्यास करून निर्णय. घाई नाही. घाबरण्यासारखं तर काहीच नाही. (घाबरण्याचा इथे काय संबंध? खोडून टाकायला हवं.)

६ जानेवारी
पिंपरीतून नवा वायरवाला आणला. याचीही डावी बाजू मंद. दुकानदाराने स्वतःच्या कानात घालून पाहिला आणि एकदम ओके आहे ताई म्हणाला. तो तेच म्हणणार. घरी ह्यांनीही घालून पाहिला. म्हणाले, भारी वाजतोय. ह्यांना चहात साखर आहे की नाही तेही कळत नाही.
मग म्हणाले, अदलाबदल करून बघ, डावा उजव्या कानात घाल. नाही घातला. एल लिहिलेला डाव्यात, आर लिहिलेला उजव्यात. ज्या पार्टची जागा ठरलेली, तो तिथेच बसवायचा. कंपनीत यावर ट्रेनिंग देतात.

९ जानेवारी, कंपनीच्या बसमध्ये
वायर हीच मुळात वाईट. नाशिक फाट्यावर बसमध्ये चढताना ओढणीत अडकते, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये सोडवत बसावं लागतं.
स्वरूपाचा व्हॉइस मेसेज आला. "जय भीम आई, जेवलीस का?" सगळा उजवीकडून. वाढदिवसाला बिनवायरचे पाठवतेय म्हणे. पोरगी नागपूरला नर्स आहे. डाव्या बाजूबद्दल तिला सांगितलं नाही. नर्सांना जिथेतिथे आजार दिसतात.

१२ जानेवारी
इंद्रायणीचं म्हणणं, मी रुसलेय. कंपनी चाकणला, ती तिथलीच; माझ्या डावीकडच्या टेबलावर असते. काम दोघींचं एकच. ब्रेकच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, छोटी हातोडी मारायची. खणखणीत वाजलं तर ओके, बद्द वाजलं तर आत चीर. आई माठ घेताना बोटाने असाच वाजवून घ्यायची. पुढे मशीनवरही तपासतात म्हणा, पण पहिली परीक्षा आमच्या कानाची. चीर असलेलं कास्टिंग सुटलं आणि उद्या कुणाच्या गाडीला लागलं तर... असलं काही लिहायचं नाही.
जेवणाच्या सुट्टीत इंद्रायणी म्हणाली, "सकाळपास्नं हाका मारतीय. लई मोठी मानसं झाली व्हय तुमी?"
मी म्हटलं, शॉटब्लास्टचं मशीन केवढ्याने चालतंय बघ.
"ते तर तुझ्या उजवीकडं हाय," ती म्हणाली.
हिला दिशा चांगल्या कळतात.

१५ जानेवारी, सुट्टी
बिनवायरचे आले. डबीत निजलेले, पांढरेशुभ्र. डावा वाजेना. चार्ज केला. परत चार्ज केला. फोन बंद करून चालू केला. शेवटी ह्यांनी डावा स्वतःच्या कानात घातला आणि मान डोलवायला लागले. निष्कर्ष: बिनवायरचं तंत्र अजून कच्चं आहे. वायरच बरी.
ह्यांनी तो काढून शर्टाला पुसला आणि माझ्या उजव्या कानाजवळ आणला. मी भांडी घासायला उठले. भांडी घासून झालेली होती. परत घासली.

१९ जानेवारी
हल्ली कास्टिंग वाजवताना मान पूर्ण वळवून उजवा कान टेबलाकडे नेते. सुजित सर क्वालिटीचे इंजिनिअर, वयाने स्वरूपाएवढेच. म्हणाले, मॅडम, काय कॉन्सन्ट्रेशन आहे तुमचं. बरं वाटलं. मान फार दुखते. संकल्प: रोज सकाळी मानेचे व्यायाम.

२० जानेवारी
व्यायाम उद्यापासून.

२३ जानेवारी
नोटीस लागली. मेडिकलची व्हॅन तीस तारखेला येणार. या वेळी कानही तपासणार. वाचताना तळपायाला घाम आला. सेफ्टी शूज नवीन आहेत, त्यामुळे असेल.
सुजित सरांकडे तीस तारखेची रजा मागितली. पुतण्याचा साखरपुडा आहे म्हटलं. पुतण्या पाचवीत आहे हे इंद्रायणीला माहीत आहे, आणि ती शेजारीच उभी होती. रजा मागे घेतली.

२७ जानेवारी
मी ओकेच्या ट्रेमध्ये ठेवलेलं एक कास्टिंग इंद्रायणीने उचललं. हातोडी मारली. पुन्हा मारली. आणि लाल ट्रेमध्ये टाकलं. लाल म्हणजे रिजेक्ट. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोमणा तरी मारायचा.
कास्टिंग थंड पडलं असेल. हातोडीचा दांडा सैल आहे. हवाही दमट होती.
घरी येताना मोशीच्या सिग्नलला समोरच्या प्रत्येक गाडीकडे बघत होते. लाल दिवा लागला की डोळे मिटायचे. सगळ्यांचे ब्रेक लागले.

३० जानेवारी, सकाळी
संकल्प: शांत राहायचं. आवाज आला की बटण दाबायचं. नाही आला तर अंदाजाने दाबायचं.

३० जानेवारी, संध्याकाळी
व्हॅनमध्ये काचेची छोटी केबिन. मोठे हेडफोन, वायरवाले. लाल उजव्या कानावर, निळा डाव्या. लालमधून टूं, टूं. दाबत गेले. मग नुसती शांतता. मी अंदाजाने दाबलं. काचेपलीकडच्या मुलीने मान हलवली, अजून आवाज सोडलाच नव्हता म्हणाली.
मी हेडफोन काढून तिला सांगितलं, यांची डावी बाजू खराब आहे, मी क्वालिटीत आहे, मला कळतं.
ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने नुसते हेडफोन उलटे केले. निळा उजव्या कानावर, लाल डाव्यावर.
निळ्यातून खणखणीत टूं आला.
"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.
काय कधीपासून, असं विचारायचं मनात होतं. तोंडातून "दिवाळीपासून" निघालं.
मोठ्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली. ती घेऊन सरळ सुजित सरांकडे गेले. म्हटलं, माझ्या हातून ओके झालेला माल परत वाजवून घ्या. त्यांनी ट्रकमध्ये चढणारा माल थांबवला. रागावले नाहीत, पण कॉन्सन्ट्रेशनबद्दलही काही बोलले नाहीत. माझ्या टेबलाचं काय, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर बघू म्हणाले.
बाहेर इंद्रायणी होती. तिला सगळं सांगितलं.
"आस्सं हाय व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, आपलंच बिनसलंय." आणि माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली.

३१ जानेवारी
ह्यांना सांगायला धीर गोळा केला. ते म्हणाले, माहीत आहे. दिवाळीपासून रस्त्याने ते माझ्या उजव्या बाजूने चालतात. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
सोमवारी डॉक्टर. भीती वाटतेय. हे खोडत नाही.
स्वरूपाला कळवलं. तिचा रागावून भला मोठा मेसेज आला. तो दोघांनी मिळून ऐकला.
अंतिम निर्णय: बिनवायरचे. आर मला, एल ह्यांना.