बसूची शाळा आणि बसवण्णाचा कौल

६ मे १९१२, सोमवार

बेळगावचा दुंडाप्पा मामा काल आला आणि दुसरी चपाती संपायच्या आत बसूला घेऊन जायचं ठरवून मोकळाही झाला! म्हणे पोरगं हुशार आहे, इथं पेठेत गुळावरच्या माश्या मारत बसेल, त्यापेक्षा माझ्याकडे राहून इंग्रजी शाळेत जाऊ दे. हुशार! माझा धाकटा भाऊ चौथी पास झाला तो कुणाच्या जिवावर, हे मामाला कुठून कळणार? वर्षभर त्याची त्रैराशिकं मी सोडवली.

अव्वा रडली, आणि डोळे पुसून भावाला आणखी तूप वाढलं. मल्लव्वा आत्याला मामाचं बोलणं एकदम पसंत. शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला उभे राहिले की अप्पांचा आवाज स्टेशनापर्यंत जातो. पण घरात मामा आणि आत्या एकदम समोर आले की ते नुसता मिशीवरून हात फिरवतात.

७ मे

आज नीट विचार केला. माझी मुलींची शाळा गेल्या वर्षीच संपली. "साकु, दाने," आत्या मला म्हणाली होती. साकु म्हणजे कानडीत पुरे. तिचा तो एकच शब्द घरात सगळ्यांना पुरतो.

बसू इथल्या दरबारच्या इंग्रजी शाळेत गेला तर त्याची पुस्तकं रोज संध्याकाळी घरी येतील. गणितं मी करायची, त्यानं मला इंग्रजी दाखवायचं, असा आमचा पक्का करार आहे. तो बेळगावला गेला की पुस्तकंही बेळगावला. मग मला राहणार काय? शेवया, आणि आत्यानं शोधलेली स्थळं!

बसू कोल्हापुरातच राहिला पाहिजे. कसा, ते अजून ठरलेलं नाही.

९ मे

शाळा बघून आले!

अव्वा शेजारच्या ताजबी मावशीकडे बांगड्या भरायला बसली. रंग ठरवायला अव्वाला अर्धी दुपार लागते, म्हणून मी बसूला आणि ताजबी मावशीच्या गौसला घेऊन सटकले. गौसचं नाव त्याच शाळेत घालायचं ठरलंय. सुट्टी असल्यामुळे सगळं बंद होतं. खिडकीला नाक लावून बघतोय तोवर शिपाई आला आणि काय पाहिजे म्हणाला. बसू गौसच्या मागे लपला. मी सांगितलं, आमच्या अप्पांनी शाळा पसंत करायला पाठवलंय.

"मग? पडली काय पसंत?"

मी म्हटलं, बाकं जरा बुटकी दिसतात. तो इतका हसला की दार उघडूनच दिलं. आत भिंतभर जगाचा नकाशा आहे. मी पहिल्या बाकावर बसले. खरं सांगायचं तर उठवेना. बसूला सगळ्यात जास्त काय आवडलं? घंटा.

१३ मे, सोमवार

आत्यानं आज शाळेवर तोफ डागली. तिथं म्हणे सगळ्या जातींची पोरं एकाच बाकावर बसतात. यावर आमचा शहाणा बसू म्हणाला, "व्हय की, मी गौसजवळ बसणार हाय." झालं! आत्यानं जेवण सोडलं. (संध्याकाळी तिच्यासाठी वेगळं थालीपीठ लावलं, ते मात्र खाल्लं.)

शेवटी अप्पा बोलले. "फुडच्या सोमवारी बसवण्णाला कौल लावू. द्यो म्हनंल तसं."

आमच्या पेठेत लग्न, विहीर, नवी म्हैस, काहीही कौलाशिवाय होत नाही. केरबा गुरव बसवण्णाच्या, म्हणजे देवळातल्या नंदीच्या, दोन्ही खांद्यांना दोन ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आत्यानं प्रश्नही सांगून टाकला: पोराला बेळगावला पाठवू का?

म्हणजे उजवी पडली की माझं शिक्षण संपलं. एका कळीवर!

१८ मे

आज भाकरीबरोबर काकवी खाताना बसूची बाही ताटाला चिकटली. ती सोडवता सोडवता मला एकदम सुचलं. आपल्याच घरात, फडताळात, ऊस गाळल्या वेळची बरणीभर काकवी!

उजवी कळी पडलीच नाही तर?

बसवण्णा, रागावू नकोस. तुला तरी कुठं गोड वर्ज्य आहे?

२० मे, सोमवार



पहाटे उठले. अप्पा दुकान उघडायला आधीच गेले होते. बरणीचं झाकण निघालेलंच होतं. हा बसू ना! वाटीत थोडी काकवी घेतली, वर फुलं झाकली आणि देवळात गेले. केरबा देवाला अंघोळ घालून बेल आणायला गेला होता. बसवण्णा शांत, अगदी माझ्याकडेच बघत बसलेला. समोर उभी राहिले आणि उजव्या हातानं उजव्या खांद्यावर बोटभर काकवी माखली. मग बाहेर येऊन फुलं निवडत बसले. चेहरा एकदम गरीब!

ऊन वर आल्यावर सगळे जमले. केरबानं कळ्या लावल्या, प्रश्न विचारला. मी मनात एकच घोकत होते, डावी पड, डावी पड. डावी पडेना. उजवी तर पडणारच नव्हती. एरवी गाऱ्हाणं संपायच्या आत कौल मिळतो. आज बसूच्या जांभया झाल्या, आत्याचा जप झाला, केरबाला घाम फुटला, तरी दोन्ही कळ्या जागच्या जागी.

आणि मग मुंग्या आल्या. एक रांग उजव्या खांद्याकडे निघाली. पण तेवढ्यात दुसरी रांग निघाली, डाव्या खांद्याकडे. डाव्या? मी तर एकाच बाजूला माखलं होतं!

आत्याला लांबचं दिसत नाही म्हणून निभावलं. अप्पा पुढे झाले, उपरण्यानं मुंग्या हळूच झटकल्या आणि डोळे मिटून नमस्कार केला. आत्यानं विचारलं, देव काय म्हणतो?

केरबा बिचारा कपाळ पुसत म्हणाला, "द्यो बोलंना झालाय. न बोलला तर हाय तसंच ऱ्हाऊ द्यावं, असं आमचा बा सांगायचा."

आहे तसं, म्हणजे बसू कोल्हापुरात! अव्वा पुन्हा रडली, पण या वेळी कुणाला तूप वाढलं नाही. मला देवळातच नाचावंसं वाटत होतं. खांब धरून उभी राहिले.

२१ मे

दुसऱ्या खांद्यावर कुणी माखली? रात्रभर हेच. अव्वा नव्हे, तिला बसू इथंच हवा होता. बसू तर नव्हेच, त्यानं ती आधी चाटली असती. डावी कळी चिकटून राहावी, म्हणजे बसू बेळगावला जावा, असं घरात वाटतं कुणाला?

मल्लव्वा आत्या! दिवसातून तीनदा लिंगपूजा करणारी आमची आत्या!

आज मी तिच्याकडे बघून दोनदा हसले. तिनं विचारलं, दात दुखतोय काय.

१० जून, सोमवार

बसू आज गौसबरोबर शाळेत गेला. संध्याकाळी अप्पांनी दुकानातून दोन नवी इंग्रजी पुस्तकं आणली, दोन्ही अगदी सारखी. एक बसूला दिलं, दुसरं माझ्या हातात ठेवलं. आत्या आत आहे हे बघून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "दाने, द्येवाचा उजवा खांदा द्येवाच्या अंगानं बघायचा असतोय, आपल्या न्हवं. मी काकवीची वाटी घिऊन खांबाआड हुतो म्हनून बरं. न्हायतर त्या दिशी तूच घालीवलं असतंस बसूला बेळगावला."