चावडीच्या भिंतीवरची रेघ

आबा, तुमाला जाऊन लय वर्सं झाली, पर मला अजून भेव वाटतंय ते तुमचंच. नदीचंबी वाटतंय, ते पुढं सांगते.

मोठ्या पुराचं पाणी चावडीच्या भिंतीला कुठवर लागलं, त्याची डांबराची रेघ तुमी काढायचे ना, लोक अजून तिला कोतवालाची रेघ म्हणतेत. दरसाल मिरगाच्या आधी भिंतीला चुना दिला की तुमी डबा घेऊन जायचे, कोतवालकीची काठी भिंतीला उभी धरायचे आन काठीच्या डोक्याला टेकवून रेघ ओढायचे. काठी तुमच्याहून चार बोटं उंच. मी मागून म्हणायचे, "आबा, पागोटं भिजलं बगा." तुमी हसायचे न्हाईत, पर हात पागोट्यावर जायचाच.

मी दुसरीत होते तवा तुमी तापानं पडले. मला म्हणले, "काठी घेऊन जा, तिच्या डोक्याइतकी रेघ ओढ. स्टूल घे चावडीतलं. इकडं तिकडं करू नको." मी वाटंत कैरी पाडायला काठी फेकली, ती फांदीत अडकून बसली. आता काय करावं? चावडीपाशी गेले, स्टूलबी घेतलं न्हाई, टाचा उचलल्या आन हात पोचला तिथं रेघ ओढली. घरी आल्यावर तुमी इचारलं, "काठीनंच मापलंस ना?" मी हो म्हणले. तुमी उशाखालून गुळाचा खडा काढून दिला, कडू काढ्यावर खायला तुमच्यासाठीच ठेवलेला. मी तो तिथंच उभी राहून खाल्ला. गोडच लागला, आबा.

काठी दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं खाली पडली, मी गुमान आणून दाराआड ठेवली. तुमी मातर त्या दुखण्यातून उठलेच न्हाईत. पुढच्या कोतवालांनी माझ्याच रेघंवर डांबर ओढलं. मला गावातच दिली, लेकरं झाली, मालक गेले, आन रोज त्या रेघंपुढून पाण्याला गेले. एकदाबी मान वर केली न्हाई.

आता वरलं गाव, आपलं गाव आन खालचं गाव, पुराच्या कामाला तिन्ही ग्रामपंचायती एक झाल्यात. जल्मभर एकमेकीच्या नावानं बोटं मोडणाऱ्या, आता एका सतरंजीवर बसतेत. वरच्या धरणातून पाणी सोडलं की वरल्या गावानं आपल्याला फोन करायचा, आपण खालच्या गावाला. भोंगा सेलूहून आणलाय. खालच्या गावाचे ट्रॅक्टर, वरल्या गावाचे दोर, आन आपलं सभागृह. चावडीशेजारी उंच ओट्यावर बांधलंय ते. तिन्ही गावांतले म्हातारे आन बाळंतिणी तिथं ठेवायच्या. ग्रामसेवकानं यादी वाचली तर माझं नाव पयलंच. मी म्हणले, "भाऊ, मला बाळंतिणीत टाका, जागा तरी कोपऱ्यातली भेटंल." सगळे हसले. आपल्या सरपंचबाई म्हणल्या, "मावशी, काळजी करू नका. ओटा कोतवालाच्या रेघंच्या वर हाय, मापूनच बांधलाय. तुमच्या वडलांची रेघ खोटी ऱ्हायची न्हाई."

माझं हसू तोंडातच वाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीपाशी कुणी नव्हतं. माहेरच्या दाराआडून माझ्या घरी आणलेली तुमची काठी मी नेऊन भिंतीला लावली. तिचं डोकं रेघंच्या हातभर वर. ओटा रेघंच्या चार बोटंच वर. म्हंजे तसलं पाणी परत आलं तर ओट्यावर निजलेल्या माणसाच्या नाकावरून जाणार. यादीतलं एकेक तोंड डोळ्यांपुढं आलं. तवापासून नदीचं भेव वाटतंय. वरल्या अंगाला आभाळ भरलं की रातीत उठून पाणी बघून येते. झरीला दिलेली लेक फोनवर म्हणाली, "आई, तू कुणाची फिरकी घेईना झालीस, बरी हायस ना?"

सोमवारी परत बैठक होती. मी काठी घेऊनच गेले. वरल्या गावाचे सरपंच म्हणले, "मावशी, आज कुणाला झोडपायला आलीस?" मी म्हणले, "चला भाईर, दावते." काठी भिंतीला लावून म्हणले, "पाणी हिच्या डोक्याइतकं लागलं होतं, ही रेघ खाली हाय." लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करायलीय. पर खालच्या गावचा एक म्हातारा मेंढरवाला पुढं आला. "खरंय तिचं. मी बारका असताना बगितलंय. कोतवाल काठीच्या डोक्यालाच रेघ ओढायचा." मग कुणी हसलं न्हाई. तिथंच उभ्या उभ्या ठरलं, म्हातारे न् बाळंतिणी माळावरच्या शाळेत न्यायच्या. ग्रामसेवकानं कागदावरलं सभागृह खोडलं.

तेवढ्यात सरपंचबाईनं इचारलं, "मग ही खालची रेघ कुणी काढली, मावशी?"

तिन्ही गावं माझ्या तोंडाकडं बघायलती. नदीला भेले नव्हते तेवढी त्या माणसांना भेले.

मी म्हणले, "आबानं. तापात होते, हात थरथरायचा."

कुणी तुमाला वाईट बोललं न्हाई. "असंल, असंल" म्हणले, आन चुन्यानं रेघ पुसून टाकली. नवी रेघ काठीनं मापून ओढली, तिलाबी कोतवालाचीच म्हणायलेत.

पुढच्या बैठकीत खरं सांगन म्हणते. पर माझं मला ठाऊक हाय. ही चिठ्ठी कुठं टाकू, कुणाच्या हाती देऊ? घडी करून गुळाच्या डब्यात ठेवते. काठी दाराआड उभी हाय, आन हे सगळं मी तिच्याकडं पाठ करून लिवलंय.