यंत्राचं दहा, साहेबांचं अकरा

४ जानेवारी, सोमवार

नवा संगणक आला एकदाचा! जुना डिसेंबरात विझला तो विझलाच.

आल्या आल्या भांडण. मी "१." लिहिलं, पहिलं कलम पुरं केलं, एन्टर मारला — तर खाली "२." हजर. मी कुठे मागितला होता? पुसला. स्वतःच्या हाताने दोन लिहिला, तर पुढच्या ओळीला तीन तयार! बसवून देणारा हसत होता. म्हणाला, "बाई, आकडे आता तुम्ही टाकायचेच नाहीत. मधलं एखादं कलम उडवलंत तरी खालचे सगळे आपोआप वर सरकतात. उडवलंय हे कुणाला कळायचंसुद्धा नाही."

तो कौतुकाने सांगत होता. मला नुसता आगाऊपणा वाटला.

साहेब आतल्या खोलीत येरझारा घालत मजकूर सांगतात, मी बाहेरच्या खोलीत टाइप करते, मधलं दार उघडं. मी या ऑफिसात लागले तेव्हापासून हेच. करारनामा कितीही लांब असो, हातात कागद नसतो. कलमांचे आकडेही तोंडानेच — "पूर्णविराम. कलम पाच." सत्तरी केव्हाच ओलांडली आहे, पण आकडा चुकलेला मी ऐकलेला नाही.

त्यांना यंत्राचा आगाऊपणा सांगितला तर खूश!

"म्हणजे मला जोडीदार आला. काय म्हणतंय गं तुझं यंत्र?"

"सहा, साहेब."

"माझंही सहाच."

५ जानेवारी, मंगळवार

दिवसभर हाच खेळ. "काय म्हणतंय?" "चौदा." "माझंही चौदा!" पक्षकार बाकावर बसून ऐकत होते. त्यांना वाटलं असेल, वकील निवडताना आपलं काहीतरी चुकलं.

१० जानेवारी, रविवार

खालचं शिंप्याचं दुकान बंद. इतर दिवशी शिलाई मशीनची घरघर जमिनीतून पायाला जाणवते. रविवारी तीही नाही. आई होती तेव्हा त्या आवाजाला वैतागायची. आता मीच त्याची वाट बघते.

दादाचा फोन. "काय गं, सगळं ठीक?" "ठीक." "तब्येत?" "ठीक." मग मुलांच्या परीक्षा, वहिनीची कंबर. चहा उकळायच्या आत फोन संपला. मला सांगायचं होतं की नवा संगणक आलाय. पण हे काय सांगण्यासारखं आहे का!

उद्या सोमवार. बरं झालं.

१९ जानेवारी, मंगळवार

आज साहेब म्हणाले, "कलम सात." पडद्यावर नऊ.

मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. वरपासून मोजलं. नऊच. "साहेब, इथे नऊ आहे." ते दारात आले, चष्मा कपाळावर सरकवून पडदा बघितला. "मघाशी फोन आला ना, त्यात विसरलो. लिही नऊ." हसले. मीही हसले.

पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तशीच बसले. साहेब आणि आकडा विसरले!

२२ जानेवारी, शुक्रवार

भाडेकराराचं तेच कलम दोनदा सांगितलं. शब्दन् शब्द तेच. मी दुसऱ्यांदा टाइप केलं आणि हळूच पुसलं. खालचे आकडे वर सरकले. कुठे फट नाही, खूण नाही. साहेबांना कळलं नाही.

त्या बसवून देणाऱ्याची आठवण झाली. अगदी खरं बोलला होता.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आता मी त्यांच्यावर लक्ष ठेवून असते. चष्मा कपाळावर असताना टेबलावर शोधतात. काल एका पक्षकाराला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारली. मी मध्येच "साहेब, चहा घेता का?" असं विचारून वेळ मारून नेली.

कुणाला सांगणार? त्यांच्या घरी तेही एकटेच. बाईसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मोठ्या शहरात वकील आहे आणि गेली दोन वर्षं एकच धोशा — "बाबा, बंद करा आता ते ऑफिस." त्याच्या कानावर हे गेलं की संपलंच.

ऑफिस संपलं तर मी दिवसभर कुणाशी बोलू?

लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय! मला हे आवडतंय. त्यांचं काहीतरी झाकायला मिळणं. सकाळी घाईने निघते, कुणीतरी माझ्यावाचून अडलंय असं मनात घेऊन. तसं या आधी आई होती तेव्हाच वाटायचं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन बहिणींचा करारनामा. वडील गेले, मागे दुमजली घर. थोरलीने लग्न केलं नाही, वडिलांचं सगळं तिनेच केलं. धाकटी नवरा गेल्यावर माहेरी परत आली. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या, मध्ये पर्स ठेवून. साहेबांनी दोघींना वेगवेगळं आत बोलावलं, समजावलं, शेवटी दोघी एकदम आत गेल्या आणि थोरली डोळे पुसत बाहेर आली. जमलं म्हणायचं.

मग साहेब सांगायला लागले. मजा येत होती आज. आवाज खणखणीत. "कलम सहा. खालचा मजला थोरल्या बहिणीकडे राहील. कलम सात. ती हयात असेपर्यंत तिला त्या मजल्यावरून कोणीही उठवू शकणार नाही." मग आठमध्ये जिना आणि पाण्याची टाकी सामाईक, नऊमध्ये वरचा मजला धाकटीकडे. आणि मग दहा — "ती हयात असेपर्यंत तिला त्या मजल्यावरून कोणीही उठवू शकणार नाही."

तेच! परत तेच वाक्य! टाइप केलं, पुसलं.

"कलम अकरा," साहेब म्हणाले. आणि मग सवयीने — "काय म्हणतंय?"

"दहा, साहेब."

आत पावलं थांबली. "माझं अकरा होतं."

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"मग दहाच असेल," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला. पुढचं सगळं हळूहळू, अडखळत सांगितलं. शेवटी "वाचून दाखवू का?" म्हटलं तर "नको. छाप," म्हणाले. यापूर्वी कधी न ऐकता सोडलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

सगळं नीट लिहून काढते.

सह्यांचा दिवस. दोघी बहिणी, दोन साक्षीदार, साहेब, आणि मी प्रती घेऊन. थोरलीने न वाचताच सही केली. धाकटी ओळीवर बोट ठेवून वाचत होती. बोट थांबलं.

"हिला उठवायचं नाही असं लिहिलंय. माझं कुठाय?"

"आहे, पुढे असेल," थोरली म्हणाली.

"नाही! दोनदा वाचलं. खालची हयातभर राहणार, आणि मी? मला उद्या जिन्यावरून ढकलून दिलं तरी चालेल?"

"अगं, मी कशाला..."

"मग हे गेलं कुठे? त्या दिवशी इथेच ठरलं ना? तूच मागाहून येऊन सांगितलं असशील!"

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "वर्षभर तुला ताट वाढतेय मी," एवढंच म्हणाली.

आणि मला कळलं. सहा खालचा मजला, सात त्याचं संरक्षण. नऊ वरचा मजला, दहा त्याचं. वाक्य तेच होतं, "ती" वेगळी होती! साहेब विसरले नव्हते. दोघींना मुद्दाम एकाच मापाने दिलं होतं. मी पुसलं. आणि यंत्राने खालचे आकडे वर घेतले, जसं तिथे कधी काही नव्हतंच.

साहेबांनी कागद घेतला. वाचला. परत वाचला. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले नाहीतच. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही.

"माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. "वय झालं. माफ करा."

बोल! बोल आता! — मी स्वतःला म्हणत होते. तोंड उघडलंच नाही.

धाकटी पर्स उचलून निघून गेली. थोरली तिच्या मागे गेली नाही. बाकावर बसून राहिली, बराच वेळ. मग तीही गेली.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी स्वतःहून मुलाला फोन केला. दार उघडंच होतं, ऐकू आलं. "तू म्हणतोस तेच बरोबर. बंद करू."

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलगा आला. भला माणूस आहे, वाईट म्हणता येत नाही. कपाटं उघडून फायली बघत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही रोज सोबत असता. बाबांचं असं कधीपासून चाललंय?"

"एवढं काही नाही," म्हटलं.

"तुम्ही त्यांना सांभाळून घेतलंत. आभारी आहे," म्हणाला.

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

२० फेब्रुवारी, शनिवार

जेवले नाही. दादाला फोन लावला. "काय गं, आज शनिवारीच?" म्हणाला. म्हटलं, चुकून लागला.

२१ फेब्रुवारी, रविवार

साहेबांच्या घरी गेले. दुपारी, न कळवता.

साहेब खिडकीशी बसले होते. घरात पाहिलं की माणूस किती लहान दिसतो! मुलगा आत ऑफिसातून आणलेल्या फायली बांधत होता. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सांगितलं. तुम्ही दहावं कलम सांगितलं होतं, मी पुसलं, मला वाटलं तुम्ही विसरलात. भाडेकरारातलंही सांगितलं. सगळं.

चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग —

"म्हणजे अकरा होतं?"

"हो साहेब. अकराच होतं."

"अरे!" एवढ्या मोठ्याने ओरडले की मुलगा धावत बाहेर आला. "अरे, अकरा होतं! मी बरोबर होतो!" हसत होते, डोळ्यांत पाणी. मुलाचा हात धरून हलवत होते. मी खाली बघत उभी.

मग हसू थांबलं. माझ्याकडे वळले.

"मला विचारलं का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मग वाटू द्यायचं वाईट! माझी कीव करायला तुला कुणी सांगितलं होतं?" असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी चढवला नव्हता. "त्या दोघी एका घरात राहून बोलत नसतील आता. तुझ्यामुळे. आणि माझ्यामुळेही. माझं अकरा मी सोडून दिलं."

मी रडले. ते थांबवायला आले नाहीत. रडू दिलं. मग मुलाला म्हणाले, "हिला पाणी दे. आणि त्या फायली परत काढ."

दारापर्यंत सोडायला आला मुलगा. त्याला काही बोलायचं होतं. "बाई, तरीही..." म्हणाला, आणि तसाच आत वळला.

२२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी दोघी बहिणींना बोलावून घेतलं. मी समोर उभी राहून सांगितलं, की मी पुसलं. धाकटी म्हणाली, "तुमच्या दोन मिनिटांच्या शहाणपणापायी मी हिला काय काय बोलले!" बरोबरच आहे. ऐकून घेतलं.

नवी प्रत काढली. दहावं कलम दहाव्या जागी. या वेळी थोरलीने आधी धाकटीला वाचायला दिलं.

बाकावर दोघींच्या मध्ये आजही पर्स होती. पण जाताना जिन्यावर थोरलीने धाकटीचा दंड धरला.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांचा हुकूम — "ते आपोआपचं बंद कर." बसवून देणाऱ्याला फोन केला. "बंद? लोक चालू कसं करायचं ते विचारतात!" म्हणाला. पण सांगितलं त्याने. आता एन्टर मारला की नुसती कोरी ओळ. आकडा साहेब सांगणार, मी लिहिणार. शंका आली तर मी विचारणार, तोंडावर. तसं ठरलंय.

मुलगा संध्याकाळी परत गेला. जाताना त्याचा नंबर माझ्या टेबलावर ठेवून गेला.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब नुसते उधाणलेत! आवाज जिन्यापर्यंत. एका दिवसात दोन करारनामे. मी तीनदा विचारलं — "साहेब, हे आधी आलंय का?" दोनदा "नाही" म्हणाले आणि ते बरोबर होतं. एकदा "हो गं, आलंय, काढ" म्हणाले. वाईट वाटलं असेल. पण तेवढंच. मग चहा मागवला.

घरी आले, दादाला फोन केला. तो "ठीक?" म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. संगणकापासून. चहा उकळून आटला तरी बोलत होतो. शेवटी म्हणाला, "अगं, हे सगळं झालं, आणि तू मला आत्ता सांगतेस?"

१ मार्च, सोमवार

सकाळी दहा. साहेब आधीच आले होते. मी पर्स ठेवली, दार ढकलून आत गेले. त्यांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं वर बघितलं, चष्मा नीट केला, उठून समोरची खुर्ची दाखवली.

"या, बसा. तुम्ही याआधी कुठे काम केलंय?"

"इथेच, साहेब," मी म्हटलं.