टपालाचे दोन घोडे

९ नोव्हेंबर १९५४, मंगळवार
आजपासून जाफराबादची टपालाची थैली आमच्या टांग्याऐवजी मोटारीने. तरी सकाळी पोस्टात जाऊन आलो, सवयीने. मास्तर म्हणाले, "आता कशाला तसदी घेतली?" त्यांनी चहा पाजला, पिऊन परत.
सब्जा आणि कुमैत, दोन्ही घोडे साज चढवायची वाट बघत उभे होते. कडबा टाकला. सब्जाने खाल्ला. कुमैतने तोंड लावलं नाही, निघायच्या वेळेला खायची त्याला सवय नाही.
गफूर मोटारीवर क्लीनर लागला. उभा जन्म माझा टांगा हाकला, आता टपावर चढून लोकांच्या वळकट्या बांधतो. म्हणाला, "क्या करना मालक, पेट है ना." खाकी कपडे मिळालेत. बरा दिसतो त्यात.
मला वाईट वाटायला हवं होतं. दुपारी झोपही लागली.

१२ नोव्हें., शुक्र.
जागेचा मालक येऊन गेला. तबेल्याच्या जागी मोटार दुरुस्तीचं दुकान काढतोय. १० डिसेंबरच्या आत मोकळं करून द्या म्हणाला. आम्ही मस्तगडला जाणार, मुलीच्या शेजारी माडीवरची एक खोली बघून ठेवली आहे. सौ.ने भांडी बांधायला काढली. घोडे माडीवर चढायचे नाहीत, असं मी म्हणालो. ती हसली नाही. विनोदही फार बरा नव्हता.
टांग्याला गिऱ्हाईक लगेच मिळालं. घोड्यांना नाही. दात बघितले की माणसं पीकपाण्याचं बोलायला लागतात.

१४ नोव्हें., रवि.
वीटभट्टीवाला म्हणाला, "ओढतील तवर ओढतील, मंग बघू." नको म्हणालो. त्याच्या भट्टीवरचे घोडे बघितलेत मी.
तिथून पांजरपोळ. मुनीमजी सज्जन माणूस. गाईच दाटीवाटीने उभ्या आहेत म्हणाला, आणि नेऊन दाखवल्या. खरंच होत्या.

१६ नोव्हें., मंगळ.
स्टेशनाकडच्या मैदानात सर्कस उतरली आहे. त्यांचा माणूस आज आला. अत्तर लावलेला, बोलायला गोड. दोन्ही घोड्यांच्या पुठ्ठ्यांवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या. मी म्हणालो, म्हातारे आहेत हो, रिंगणात काय पळणार? तो म्हणाला, "पळायला नाही, साहेब. वाघांना लागतं."
इतक्या साधेपणाने म्हणाला की मी त्याला पान करून दिलं. विचार करून सांगतो म्हणालो. त्यांचा मुक्काम पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत आहे.
सौ. दारात उभी होती. सगळं ऐकलं असणार. जेवताना भाजीत मीठ नव्हतं. दोघांनी तशीच खाल्ली.

२० नोव्हें., शनि.
रंगनाथ पाटील आले होते. जाफराबादच्या रस्त्यावर आमचा पहिला टप्पा म्हणजे त्यांची पिंपळवाडी. तिथे खंडोबाचं देऊळ. देवाचा घोडा यंदा मेला, चंपाषष्ठीच्या पालखीपुढे चालायला दुसरा हवा. त्याच्यावर कुणी बसत नाही, ओझं नाही, घरोघरी खायला मिळतं. माणसांचीसुद्धा अशी सोय होत नाही कुठे.
सब्जा बघून पाटील खूश. रंग पांढरट, आणि गळ्याखाली केसांचा भोवरा, देवमण. शुभ. "देवानंच राखून ठिवला की हो ह्याला!"
मग कुमैतकडे वळले. तोंडाशी वाकले आणि हात मागे घेतला. "ह्याला आसूढाळ हाय, मालक." डोळ्याखालचा भोवरा. "असा घोडा धन्याच्या घरात रडं आणतो. तुमी कसा ठिवला इतकी वर्सं?"
म्हणालो, ओढायला चांगला होता.
कुमैत उन्हाळ्यात आणला आणि पावसाळा सरता सरता आमचा वसंता गेला. सात वर्षांचा. विषमज्वर. सगळी गल्ली म्हणाली, घोडा विका. मी विकला नाही. सौ. तेव्हा काही बोलली नाही, पुढेही कधी नाही. त्या घोड्याला मात्र तिने कधी हात लावला नाही. दसऱ्याला पूजा करायची ती सब्जाची, कुमैतची मी. वसंताचं नाव घरात निघत नाही. रडंही कधी झालं नाही, निदान माझ्यासमोर.
हे सगळं पाटलांना सांगत बसलो नाही. सब्जाला सोमवारी न्या म्हणालो.

२२ नोव्हें., सोम.
सब्जा गेला. सौ.ने त्याला ओवाळलं, गूळ चारला. पाटलांच्या माणसाला दोरी धरावी लागली नाही, रस्ता घोड्यालाच जास्त ठाऊक. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होता.
कुमैतने मान वर केली, मग खाली घातली. मीही तेच केलं.

२५ नोव्हें., गुरु.
सर्कसवाला पुन्हा. एक तर एक, चालेल म्हणाला. बुधवारी ८ तारखेला सकाळी या, असं सांगून टाकलं. दुसरं कोण नेणार आहे? जो तो आधी डोळ्याखाली बघतो.
हे लिहितानाही अक्षर नेहमीसारखंच येतंय.
सौ.ला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. निवडून झाले, डब्यात भरले, मग तेच तांदूळ परत ताटात काढून निवडायला बसली.

२८ नोव्हें., रवि.
गफूर मोटारीवरून उतरून धावतच आला. हसून त्याला बोलता येईना.
देवळात खंडोबाचं नवरात्र बसलंय. काल संध्याकाळी आरती सुरू झाली, घंटा वाजली, आणि सब्जा अंगावरच्या भरजरी झुलीसकट निघाला! निघाला तो थेट पुढच्या टप्प्यावर, जिथे थैली उतरायची त्या आमच्या जुन्या टपालचौकीसमोर जाऊन उभा राहिला. मागे अख्खी पिंपळवाडी. देव शिकारीला निघाला म्हणून भंडारा उधळत, "येळकोट येळकोट" करत, बायाबापड्या, पोरंटोरं, सगळी.
आता त्यात घोड्याचं काय चुकलं? थैली टांग्यात चढली की गफूर हातघंटी वाजवायचा आणि जोडी आपोआप सुटायची. चाबूक कधी उचलावा लागला नाही. पाटलांना हे सांगायला पाहिजे होतं. पण घंटा म्हणजे टपाल हे आमच्या डोक्यात, घंटा म्हणजे आरती हे त्यांच्या. कुणालाच सुचलं नाही.
मी हसलो, चांगला मोठ्याने. सौ. पीठभरल्या हाताने बाहेर आली, काय झालं बघायला. तिला वाटलं मला काही झालं.

१ डिसें., बुध. चंपाषष्ठी
पिंपळवाडीला जाऊन आलो. मोटारीने, पहिल्यांदाच. आमचेच खड्डे, पण उंचावरून.
सब्जाला आज दोन गड्यांनी दोन बाजूंनी धरलं होतं. पालखी उठली, घंटा वाजली. गडी धुळीत, घोडा रस्त्यावर. लोक पुन्हा मागे. मीही त्या गर्दीत, भंडाऱ्याने पिवळा झालेला.
चौकीत आता सखाराम म्हणून एकाने चहाचं हॉटेल काढलंय. सब्जा त्याच्या बाकड्यांपुढे उभा होता. सखाराम म्हणाला, "रोज येऊन राह्यला हा. आता न्हेऊ नका. देव आमच्या गावाला आला." पाटील तापले. "देव आमचा, घोडा आमचा, अन् मुक्काम तुमच्यात?" बाचाबाची सुरू.
मी मधे पडून खरं ते सांगितलं. हा देवबीव नाही, टपालाची सवय आहे. दोन्ही गावांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू शेण मी खाल्लं. एक म्हातारी म्हणाली, "मंग टपाल तरी कुणाचं हाय रे? त्याचंच की!"
शेवटी सब्जा तिथेच राहिला. सखारामने अंगणात खुंट ठोकला. पोरं गूळ-शेंगदाणे घेऊन उभी. सब्जा मात्र मान वळवून मागे बघत होता. थैली का उतरवत नाहीत ते त्याला कळत नव्हतं. त्याला कोण सांगणार. बरी जागा मिळाली त्याला.

३ डिसें., शुक्र.
सौ.ला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकत होती. पाटलांना आता घोडा नाही, असं मी म्हणालो.
"ह्याला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली.
कुणाला?
"कुमैतला. लई दिवस झाले. मागून हंडा आपटला तरी कान हालत न्हाई त्याचा. सब्जा निघाला की हा निघायचा, बस."
रोज चारा घालणारा मी. मला पत्ता नाही. आणि जी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही तिला माहीत. मागे जाऊन टाळ्या वाजवल्या, ओरडलो. रस्त्यावरची माणसं थांबली, कुमैत चघळत राहिला.
आत येऊन म्हणालो, खरंय.
"मंग द्या की त्याला देवाला. कितीबी घंटा वाजू द्या, जागचा हालायचा न्हाई."
म्हणालो, त्याला आसूढाळ आहे.
"मला माहीत न्हाई का ते?" म्हणाली आणि तवा खाली उतरवला.
गफूरकरवी पाटलांना निरोप धाडलाय.

५ डिसें., रवि.
पाटील आले. येताना देवळातली घंटाच काढून आणली होती, फडक्यात गुंडाळून. कुमैतच्या कानाशी धरून बडवली. शेजारची कुत्री भुंकायला लागली. कुमैत डोळे अर्धे मिटून उभा. पाटील भलतेच खूश. दात बघितले, खूर बघितले, दोन पावलं चालवून बघितलं. "सगळं बराबर हाय." मग नजर डोळ्याखाली गेली आणि आवाज उतरला. "पण मालक, गावात लेकरंबाळं हायेत हो."
लेकरंबाळं आहेत, हे खरंच.
तेवढ्यात सौ. बाहेर आली. परपुरुषासमोर उगाच येणारी बाई नव्हे ही. पदर सावरला आणि सरळ कुमैतपाशी जाऊन उभी राहिली.
"पाटील, माझं लेकरू तापानं गेलं. घोड्यानं न्हाई."
पाटील माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.
"लोक बोलत राह्यले, मीबी मनात धरलं. इतकी वर्सं धरलं. पण वसंता ह्याच्या पाठीवर बसायचा. ह्यानं त्याला कधी पाडलं न्हाई, सावकाश चालायचा. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आणि तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. कुमैतने तिचा खांदा हुंगला.
वसंता. किती वर्षांनी ऐकलं.
पाटलांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, माझं काही न्हाई. गावाला इचारतो. मंगळवारपतूर निरोप धाडतो." जाताना घंटा विसरले, ती घ्यायला परत आले. नेहमीचं आहे त्यांचं.

६ डिसें., सोम.
सौ. कालपासून रडते आहे. आवाज नाही. केर काढताना, पीठ मळताना, डोळ्यांतून नुसतं गळतंय. शेजारणीला डोळे आलेत म्हणून सांगितलं. मुलगी येऊन गेली, तीही घाबरली. थांबवावं असं वाटत नाही मला. कसं थांबवतात तेही माहीत नाही.
पाटलांचा निरोप नाही.

७ डिसें., मंगळ.
जाफराबादची मोटार आली. गफूरने टपावरूनच हात हलवला, निरोप नाही. खाली आल्यावर म्हणाला, पिंपळवाडीत पारावर माणसं जमली होती, जोरजोरात बोलणं चाललं होतं. कुणाच्या बाजूने ते त्याला कळलं नाही. मोटार थांबते किती.
उद्या सकाळी सर्कसवाला येणार. जाफराबादची मोटारही सकाळचीच, निरोप आला तर तिच्यावरूनच. त्याला काय सांगणार, सौ.ने विचारलं. म्हणालो, शब्द दिलाय.
"तुमी दिलाय," ती म्हणाली. "मी न्हाई दिला."
भांडी सगळी बांधून झालीत. तिने त्यातलं एक पातेलं सोडलं, कुमैतसाठी हरभरा भिजत घातला, आणि तबेल्याच्या दारात पाट टाकून बसली. उठ म्हणालो तर ऐकेना. मग मीही कुमैतला पाणी दाखवायला म्हणून आत गेलो. तो पीत असताना पाठीवर हात ठेवला. पाठ खोलगट झाली आहे, मधे एक माणूस बसेल अशी जागा. लहान माणूस. हात काढता येईना. सौ. बघत होती. बघू दे.
मला अजून रडू येत नाही. हे सौ.च्या शेजारी दुसरा पाट टाकून लिहितोय.