सात नंबरची मालकी

३ मार्च, सोमवार
आज वाचनालयात रुजू झाले. देणगीत आलेले आठ संगणक, सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स, आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आधीचे दोन दुरुस्तीवाले टिकले नाहीत, तुम्ही तरी टिका. मी म्हटलं, दोन वर्षं एकटीनं संसार ओढतेय, ही खोकी मला काय पळवणार. हे गेले तेव्हा घरात त्यांचा संगणक आणि त्यावरची जाडजूड पुस्तकं उरली. रडून झालं की एक पान वाचायचं, अशी शिकले.

दोन नंबर मुका होता. त्याचा आवाज स्पीकर सोडून पडद्याच्या वायरीत जात होता. सेटिंग बदललं, बोलू लागला. शिपाईदादा म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे. जेवण गोड लागलं.

४ मार्च
चार नंबरवर वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता, तो घातला. प्रिंटरही ताळ्यावर आणला.

सात नंबरचं दुखणं जुनं. पासवर्ड बरोबर दिला तरी पडदा लुकलुकतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. कोणीतरी मुख्य खात्याच्या अधिकारानं काम करतं, एका बारीकशा फाईलची मालकी बदलते आणि घरचा माणूस दाराबाहेर राहतो. मालकी परत करायला एक ओळ पुरते. केली, चाललं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दोघांनीही सुरुवात सातपासूनच केली होती.

५ मार्च
सात पुन्हा अडलं. फाईलच्या मालकाच्या जागी आता नुसतं ‘सात’ लिहिलंय. असं खातं यंत्रावर नाहीच. फोल्डर तीन. दोन त्या दुरुस्तीवाल्यांच्या नावांचे, पण सातच्या मालकीचे. तिसरा माझ्या नावाचा. तो मी बनवलेला नाही.

शिपाईदादांना खोदून विचारलं. दुसरा दुरुस्तीवाला जेवणाच्या सुट्टीत सातसमोरच बसला होता म्हणे. सुट्टी संपली तेव्हा टेबलाखाली फक्त चपला. ते स्वतः दारातच उभे होते, बाहेर कोणी गेलं नाही. पहिल्याचंही तसंच. पोलीस येऊन गेले, हाती काही लागलं नाही.

६ मार्च
माझ्या फोल्डरमध्ये आवाजाची एक फाईल आली आहे. लावली. आधी ह्यांचं खोकणं. मग, अगं, ऐकतेस ना.

ह्यांचा आवाज आम्ही कधीच रेकॉर्ड केला नव्हता.

चार वेळा ऐकला. लपवत नाही.

दुसरी फाईल उघडत नाही. पडद्यावर ओळ येते: फोल्डर सातच्या नावे कर, पासवर्ड दे, मग ऐक. पहिल्या दुरुस्तीवाल्याच्या फोल्डरमध्ये एका लहान मुलीचं हसणं आहे. शिपाईदादा म्हणाले, त्याची मुलगी तापानं गेली होती. म्हणजे त्यानं फोल्डर सातच्या नावे केला. दुसऱ्यानंही केला.

७ मार्च
बाई म्हणाल्या, नसती उठाठेव कशाला, वायर काढा आणि कपाटात टाका. वायर सकाळीच काढली होती. पडदा चालूच आहे.

कपाटातून ते पुढच्या माणसाची वाट बघेल. म्हणून डिस्क कोरी करायची. त्याबरोबर ह्यांचा आवाजही पुसला जाईल. जाऊ दे. माझा नवरा एकदाच गेला, त्याला हप्त्याहप्त्यानं परत घेणार नाही. आणि माझं दुःख माझं आहे, ते या खोक्याच्या नावे करणार नाही.

१० मार्च, दुपार
सगळ्यांना बाहेर काढलं. पेनड्राइव्हवरून पुसायला सुरुवात. डिस्कचं नाव तीनदा तपासलं.

बारा टक्के. स्पीकर जोडलेला नाही. तरी खोकतोय.

एकतीस. विचारतोय, माझ्यावर रागावलीस का. हो, रागावलेय. न सांगता गेले म्हणून. पण तो राग ह्यांच्यावर, तुझ्यावर नाही —

चौपन्न. शेजारची खुर्ची आपोआप सरकली. बघणार नाही.

सत्तर. पडद्यावर पासवर्डची चौकट. नुसतं एंटर दाब म्हणतोय, बाकी मी —

त्र्याऐंशी. उजवा हात धरलाय त्यानं. डाव्यानं लिहितेय. हात गार असता तर बरं होतं. उबदार आहे. ओळखीचा —

ओढतोय एंटरकडे. ओढ. दोन वर्षांत मलाही जोर आलाय —

शहाण्णव. पाय दिसत नाहीत मला माझे. चपला आहेत. असू देत, बोट उचललेलंच आहे, खाली नाही येणार, अठ्ठ्याण्णव, तू आधी जाशील, बघच, नव्व्या